फॅमिली क्वार्टर घ्यावं की साताऱ्यातच राहावं? पैशाचा आणि बाकीचाही हिशेब हवाय

कोरेगावची_सून
नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमचे हे हवालदार आहेत, नोकरीची सतरा वर्षं झाली. गेली तीन वर्षं पलटण फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही) होती, आता पीसला (जिथे नेता येतं) झाशीला आलीय. क्वार्टरच्या सीनियॉरिटीत यांचं नाव वर आहे, एप्रिलपर्यंत फॅमिली क्वार्टर मिळेल म्हणतात. १५ फेब्रुवारीच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे.

मी गोडोलीत दोन खोल्या आणि किचन अशा भाड्याच्या घरात राहते. भाडं ८,५००, शिवाय पाणी आणि मेंटेनन्सचे ६००. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हातात १४,००० येतात. मुलगी सातवीत, मराठी माध्यम. मुलगा पहिलीत. सासूबाई कोरेगावजवळ गावी एकट्याच असतात. गुडघे धरलेत, पण रान सोडायला तयार नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी मी आणि पोरं जातो, रविवारी रात्रीच्या एसटीने परत.

माहेरचे म्हणतात, भाडं वाचेल, जा. लॅबचे डॉक्टर म्हणतात, दोन-अडीच वर्षं जागा मोकळी ठेवता येणार नाही. मुलगी काहीच बोलत नाही, पण परवा हिंदीचं पुस्तक घेऊन मोठ्याने वाचत बसलेली दिसली. हे फोनवर म्हणतात, "तू ठरव." या दोन शब्दांचंच मला जास्त ओझं झालंय.

ज्यांनी क्वार्टरमध्ये वर्षं काढली आणि ज्यांनी मुद्दाम काढली नाहीत, अशा दोघांनीही लिहा.

विसावा_नाका
ताई, आधी एचआरएचं, म्हणजे घरभाडे भत्त्याचं सांगा. आता मिळतो का, आणि क्वार्टर घेतलं की बंद होतो का?

कोरेगावची_सून
आता सातारचा लागतो, ४,०४०. क्वार्टर घेतलं की बंद.

मिरजेचा_माजी_क्लार्क
वहिनी, मी पलटणीत क्लार्क होतो, चोवीस वर्षं हेच कागद केले. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

४,०४० म्हणजे साहेबांचं बेसिक ४०,४०० दिसतंय. एचआरए बेसिकवर लागतो, ५,२०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे त्यात धरत नाहीत. सातव्या वेतन आयोगाने शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग ठेवले. सुरुवातीचे दर २४, १६ आणि ८ टक्के. महागाई भत्ता वाढत गेला तसे जुलै २०२१ पासून २७, १८, ९ झाले आणि भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यावर जानेवारी २०२४ पासून ३०, २०, १०. पुणं आणि मुंबई एक्समध्ये. आमची सांगली वायमध्ये. सातारा झेडमध्ये.

म्हणजे हाच हवालदार फील्डला असताना त्याचं कुटुंब पुण्यात ठेवलं तर १२,१२०, सांगली-मिरजेत ठेवलं तर ८,०८० आणि साताऱ्यात ठेवलं तर ४,०४०. गोडोलीचा घरमालक काही वर्ग बघून भाडं कमी करत नाही. ज्या जिल्ह्यातली गावंच्या गावं फौजेत आहेत त्या जिल्ह्याच्या गावाला सगळ्यात कमी दर लागावा, याचं मला नोकरीत असतानाही वाईट वाटायचं आणि आजही वाटतं.

आता तुमचा हिशेब. आज घरापायी ९,१०० जातात आणि ४,०४० येतात, म्हणजे खिशातून ५,०६०. क्वार्टर घेतलं की भाडं नाही (जवान आणि जेसीओंना, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदारांना, लायसन्स फी लागत नाही) आणि एचआरएही नाही. महिन्याला ५,०६० वाचले. पण तुमचे १४,००० गेले. फरक ८,९४० चा. तीस महिने धरले तर २,६८,२०० रुपये. क्वार्टर फुकट असतं असं जो कुणी तुम्हाला सांगतोय, त्याने हा आकडा धरलेला नाही.

दुसऱ्या बाजूला काही गोष्टी जमा होतात. यांच्या एकट्याच्या वाट्याचं रेशन कोरडं घरी मिळेल. झाशीला एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल आहे, दवाखान्याचा खर्च जवळजवळ थांबेल. साताऱ्यात नोकरीतल्या माणसाच्या कुटुंबाला मिलिटरी हॉस्पिटल नाही. ईसीएचएस ही आरोग्य योजना पेन्शनवाल्यांसाठी, म्हणजे एमएच पाहिजे तर पुणं गाठावं लागतं. बदलीत सामान हलवायचा भत्ता (सीटीजी) बेसिकच्या ८० टक्के असतो, तुमच्या बाबतीत तो कसा बसतो ते पलटणीच्या क्लार्ककडून आत्ताच लिहून घ्या. तोही बहुतेक सामान हलवण्यातच जातो.

मी बायकोला दोनदा क्वार्टरवर आणलं. दोन्ही वेळा कागदावर तोटाच होता.

तासगावचा_गडी
एक सोपा उपाय सांगतो. न जाता साताऱ्यातच राहा आणि राहण्याचा पत्ता सांगलीच्या नातेवाइकाचा द्या. एचआरए दुप्पट. आमच्या पाहुण्यात एकाने केलंय, राहतात तासगावलाच.

मिरजेचा_माजी_क्लार्क
हे कृपा करून कुणी करू नका. कुटुंब कुठे राहतं ते माणूस सही करून कळवतो आणि त्यावर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डवरची अधिकृत नोंद निघते. खोटं निघालं तर दिलेल्या सगळ्या पैशांची वसुली होते आणि वर शिस्तीची कारवाई. या वहिनींच्या साहेबांचा नायब सुभेदारीचा नंबर जवळ आला असणार. महिन्याच्या चार हजारांसाठी सतरा वर्षांच्या चांगल्या रेकॉर्डला डाग लागेल. शिवाय साहेब पीसला आल्यावर सगळंच गणित बदलतं. आणि सांगलीचा दर सांगली-मिरज-कुपवाडला लागतो. तासगाव, विटा, इस्लामपूर सगळे झेडच.

तासगावचा_गडी
बरोबर आहे. विचार न करता लिहिलं. पाहुण्यालाही सांगतो.

सदरबझारच्या_काकू
पोरी, मी तुझ्या सासूच्या वयाची असेन. आमचे हे सुभेदार होऊन पेन्शन आले. मी सात क्वार्टर बघितली.

पहिलं पंजाबात. दोन खोल्या, वर सिमेंटचा पत्रा. पहाटे पाचला पाणी यायचं आणि साडेपाचला जायचं. मला धड हिंदी येत नव्हतं. शेजारची भाभी गुरुदासपूरकडची, तिला मराठी कळायचं नाही. पण तिनेच मला तंदूर शिकवला आणि माझ्या हातचं पिठलं तिच्या नवऱ्याला इतकं आवडायचं की तो ड्यूटीवरून आला की आधी आमच्या दाराकडे बघायचा. माझा थोरला तिथल्या एमएचला झाला. हे एक्सरसाइजला गेले होते. गाडी बोलावण्यापासून बाळाला पहिलं दुपटं गुंडाळण्यापर्यंत सगळं लाइनीतल्या बायकांनी केलं. त्यातल्या दोघींशी माझं अजून फोनवर बोलणं होतं.

१९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, मी क्वार्टरमध्येच होते. पलटण वर गेलेली. त्या दोन महिन्यांत लाइनीत जीपचा आवाज आला की सगळ्या बायका दारात यायच्या आणि जीप कुठल्या दाराशी थांबते ते बघत उभ्या राहायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. तेव्हा मी साताऱ्यात असते तर लोकांनी मला धीरच दिला असता, पण माझ्या पोटात काय होतंय ते कुणाला कळलं नसतं. त्या लाइनीत ते सांगावं लागत नव्हतं.

आता दुसरी बाजू पण सांगते, लपवत नाही. सात वेळा संसार बांधला आणि सात वेळा सोडला. माझं डी.एड. झालेलं होतं, एक दिवस नोकरी केली नाही. पेन्शन आलो तेव्हा आमच्याकडे नंबर आणि नाव रंगवलेल्या नऊ काळ्या ट्रंका होत्या, आणि घर नव्हतं. यांच्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी आम्ही सदर बझारात भाड्याची खोली शोधत फिरलो. स्वतःचं घर व्हायला पुढे आठ वर्षं लागली.

जा असं माझं मत आहे. पण जाताना घराची काहीतरी तजवीज करून जा.

विट्याची_बाई
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मी गेले नाही. एकदाही नाही, म्हणजे राहायला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन जायचे आणि शाळा उघडायच्या आत परत.

मला कायमची नोकरी होती. माझा पगार आणि यांनी आर्मी ग्रुप इन्शुरन्सकडून घेतलेलं घरकर्ज यावर विट्यात घर बांधलं. दोन्ही पोरं एकाच शाळेत दहावीपर्यंत शिकली. सासू-सासऱ्यांचं शेवटचं दुखणं मी काढलं. यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही, आणि जी बाई नोकरीसाठी मागे राहते तिला कुणी कमी लेखू नये.

पण तुम्ही हिशेब मागितलाय म्हणून हाही देते. यांना वर्षाला साठ दिवस वार्षिक सुट्टी आणि तीस दिवस कॅज्युअल. म्हणजे तीन महिने. लग्नानंतर बावीस वर्षं यांची नोकरी झाली. बावीस गुणिले तीन, सहासष्ट महिने. साडेपाच वर्षं. तीही सगळी सुट्टी मंजूर झाली असं धरून, आणि ती कधीच सगळी मंजूर होत नाही. हे पेन्शन आले त्या वर्षी मी एकदा रात्री वहीवर हे गणित मांडलं आणि ते पान फाडून टाकलं.

तुमची नोकरी माझ्यासारखी कायमची नाही. लॅब टेक्निशियनला झाशीलाही काम मिळू शकतं, परत आल्यावर साताऱ्यातही मिळेल. डॉक्टरांकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा.

कोरेगावची_सून
काकू, बाई, दोघींचं तीन-तीनदा वाचलं. साडेपाच वर्षांचं वाचून मी आमचाही हिशेब केला. लग्नाला चौदा वर्षं झाली. मध्ये एकदा अकरा महिने क्वार्टरमध्ये होतो, मुलगी तेव्हा लहान होती. मुलगा बापाबरोबर सलग दोन महिन्यांच्या वर कधी राहिलेलाच नाही. सुट्टीवर आले की पहिले चार दिवस तो त्यांच्याशी लाजून बोलतो.

कडेगावचा_जवान
मी नाईक आहे, अजून नोकरीत. वहिनी, क्वार्टर जुनं आहे की मॅपचं, ते विचारून घ्या. मॅरीड अकोमोडेशन प्रोजेक्ट २००२ ला सुरू झाला, त्यातली नवी क्वार्टर्स दोन बेडरूमची, फ्लॅटसारखी आहेत. जुन्यातलं मिळालं तर ओल, सांडपाणी, वायरिंग सगळं बघावं लागतं. तक्रार एमईएसकडे (फौजेच्या बांधकाम-दुरुस्ती खात्याकडे) नोंदवायची आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा, नाहीतर महिनाभर कुणी येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मार्च-इनच्या, म्हणजे क्वार्टर ताब्यात घ्यायच्या दिवशी घाई करू नका. हातात इन्व्हेंटरीचा कागद असेल. प्रत्येक खिडकीची काच, प्रत्येक नळ, सिस्टर्न, पंखा, दाराची कडी बघायची आणि मोडकं असेल ते त्याच कागदावर लिहून समोरच्याची सही घ्यायची. मोबाइलवर फोटो काढा. एका ठिकाणी आम्ही गेलो तेव्हाच वॉशबेसिनला तडा होता. रात्री पोचलो होतो, पोरगं रडत होतं, मी सही करून टाकली. सोडताना बॅरेक डॅमेजमध्ये त्याचे पैसे माझ्याकडून कापले. रक्कम मोठी नव्हती पण बायकोला फार लागलं, कारण तिने ते घर आरशासारखं ठेवलं होतं.

झाशीचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कूलर घ्यावाच लागेल, तो खर्च आत्ताच धरा.

शाहूपुरीची_लेक
मी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. बाबा आता पेन्शनवर आहेत, मी पुण्यात नोकरी करते. इथे मुलांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मी सहा शाळा बदलल्या. दर वेळी वर्गात नवीन असायचं, दर वेळी डबा कुणाबरोबर खायचा हा प्रश्न. सहावीत असताना मी ठरवून टाकलं होतं की कुणाशी घट्ट मैत्री करायचीच नाही, कारण परत जायचंय. ते सुटायला खूप वर्षं लागली. मराठी घरात बोलत होतो, पण वाचायला मी एकविसाव्या वर्षी बसून शिकले. हा प्रतिसाद टाइप करायला मला पाऊण तास लागलाय.

माझा मोठा भाऊ साताऱ्यात आजीकडे राहिला. सैनिक स्कूलला जायचं होतं आणि गेलाही. साताऱ्याची सैनिक स्कूल देशातली पहिली, १९६१ ची, त्यामुळे आमच्या घरात तो मोठा मान होता. तो सगळ्या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार आहे, मराठी तर फारच सुंदर लिहितो. पण तो आणि बाबा एका खोलीत बसले की टीव्ही लावतात. मी आणि बाबा भांडतो, रुसतो, सगळं करतो. मला बाबा रोज संध्याकाळी पीटीच्या बुटांना पॉलिश करताना दिसायचे, एक बूट मी करायचे. भावाला ते वर्षातून दोनदा, मिठाईचा बॉक्स घेऊन आलेले दिसायचे.

तुमची मुलगी हिंदीचं पुस्तक काढून बसलीय म्हणजे तिने मनात काहीतरी ठरवलंय. तिला सरळ विचारा.

विसावा_नाका
शाळेच्या तारखा जुळवायला लागतील. केंद्रीय विद्यालयाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्या परीक्षा तोवर चालू असतात. बदलीवर आलेल्यांना मधे प्रवेश मिळतो, पण आठवीची सुरुवात चुकायला नको. सातवीपर्यंत मराठी माध्यम झाल्यावर गणित-विज्ञान इंग्रजीत, वर हिंदी आणि संस्कृत. पहिले सहा महिने जड जातील. तिथे विद्यालय विकास निधी महिना ५०० आहे, बाकी फी नगण्य. दोन मुलांसाठी शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून प्रत्येकी महिना २,८१२.५० झालाय, तो इथे राहिलात तरी मिळतो आणि तिथे गेलात तरी.

मोठी अडचण मला दुसरीच दिसते. पीसची मुदत अडीच वर्षं धरली तर पलटण हलेल तेव्हा मुलगी दहावीच्या मध्यावर असेल. दहावी-बारावीच्या कारणावर क्वार्टर पुढे ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, पण तेव्हा तुम्ही तिथे एकट्या असाल, साहेब पलटणीबरोबर पुढे गेलेले.

कोरेगावची_सून
हे डोक्यातच आलं नव्हतं. यांना विचारते.

अपशिंगेकर
आमच्या गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले, गावात त्यांचं स्मारक हाय. आमच्या घरात चौथी पिढी फौजेत. आमच्या आजीच्या वक्ताला क्वार्टर म्हंजे काय ते बायामाणसांना ठाऊकच नव्हतं. मनीऑर्डर यायची, पोस्टमन वाचून दाखवायचा, अंगठा द्यायचा. आजा पेन्शन आला तवा आजी त्याला म्हणाली, "तुमाला काय आवडतं जेवायला ते मला ठावं न्हाई." ही गोष्ट आमच्या घरात आजून सांगत्यात.

सासूबाईंचं बोला. त्यांचं नाव डिपेंडंटमध्ये लावलंय का? लावलं आसंल तर झाशीच्या एमएचला गुडघे दाखवता येतील. म्हातारं माणूस रान सोडत न्हाई हे खरं, पर शाळू निघाला की रानात काय ऱ्हातं? होळीनंतर त्यांनाबी संगं घिऊन जावा. पेरणीला आणून सोडा.

माणदेशी
माझं थोडं वेगळं आहे. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

आम्ही क्वार्टरमध्ये असताना माझे मालक गेले. मुलाचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहायला मुदत मिळाली, पलटणीने खूप केलं, त्याबद्दल मी कधीच वाईट बोलणार नाही. सामान बांधायला लाइनीतल्या चौघी आल्या होत्या. त्यांनीच घर झाडलं, कारण मला ते जमेना. पण शेवटी किल्ली द्यावी लागते. ते घर आपलं नसतं. मी माण तालुक्यात सासरी आले, तिथे मला आणि मुलाला वेगळी खोलीसुद्धा नव्हती. एका दिराचं कपाट हलवून आमच्या ट्रंका ठेवल्या.

तुम्ही जा ताई. ज्या दोन वर्षांचा तुम्ही विचार करताय, तशी माझ्या वाट्याला अडीच आली आणि मी त्यांच्यावरच जगतेय. मात्र जाण्याआधी तीन कामं करा. यांच्या कागदांत नॉमिनी कोण आहे ते बघा, लग्नानंतर बदललं नसेल तर लगेच बदला. बँकेचं खातं जॉइंट करा. आणि गावी किंवा साताऱ्यात जे काही बांधाल त्यावर तुमचंही नाव घाला. यांच्याशी बोलायला संकोच वाटेल. मलाही वाटला होता म्हणून राहून गेलं.

सदरबझारच्या_काकू
माणदेशी, बाळा, साताऱ्याला आलीस की घरी ये. मेसेज करते.

मिरजेचा_माजी_क्लार्क
माणदेशी ताईंनी लिहिलंय त्यातल्या प्रत्येक शब्दाला मी क्लार्क म्हणून साक्ष आहे. जुन्या नॉमिनेशनवर वडिलांचं किंवा भावाचं नाव राहून गेलेलं मी कितीतरी वेळा बघितलं.

घराबद्दल आणखी एक. महिन्याला वाचणारे ५,०६० एएफपीपी फंडाच्या (जवानांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या) वर्गणीत वाढवून घ्या, पगारातूनच कापले जातील म्हणजे हाताला लागणार नाहीत. तीस महिन्यांत दीड लाखाच्या वर, व्याज वेगळं. गावी जागा आहे तर दोन खोल्यांची सुरुवात होते. पुढे साहेब पेन्शन आल्यावर २०२० ची राज्याची मालमत्ता कर माफीची योजना आहे, माजी सैनिकाच्या एका घराला. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो.

पलूसची_मीना
आम्ही बेळगावला सेंटरमध्ये होतो. मराठी माणसं, मराठी बाजार, सांगलीहून सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथे. सासू-सासरे महिन्याला यायचे. तसं सगळ्यांना मिळत नाही याची जाणीव आहे. पण झाशीही तुम्हाला अगदी परकी वाटणार नाही. राणीचं लग्न झालं ते गणेश मंदिर तिथे आहे, मराठी कुटुंबं आहेत. आणि साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस थेट झाशीला जाते, गाडी बदलायची गरज नाही. सासूबाईंना न्यायला हे फार सोयीचं.

एक मात्र आधीच माहीत असू द्या. लाइनीत वेल्फेअरच्या मीटिंगा असतात, कार्यक्रमांची तयारी असते. तिथे नोकरी धरलीत तर वेळ जुळवताना ओढाताण होईल. सुरुवातीलाच सांगून ठेवा की मी कामाला जाते.

कोरेगावची_सून
सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून आज लिहितेय. १३ तारखेला आम्ही हो कळवलं.

काय काय झालं ते सांगते. शाहूपुरीच्या ताईने सांगितलं तसं मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा रोज दिसणार असतील तर मी हिंदीत बोलेन." मग थोडं थांबून म्हणाली, पण दहावी मला साताऱ्यातच करायचीय. आम्ही दोघं फोनवर त्यावर बराच वेळ बोललो. असं ठरलं की आठवी आणि नववी झाशीला. दहावीच्या वर्षी पलटण हलणार असं दिसलं तर मी आणि पोरं त्याआधीच्या मार्चमध्ये परत येऊ, क्वार्टर लवकर सोडावं लागलं तरी चालेल. सीबीएसईतून परत राज्य मंडळात यायला काय लागतं ते तिच्या मुख्याध्यापिकांना विचारून आले.

लॅबच्या डॉक्टरांनी अनुभवाचं पत्र दिलं. जागा ठेवता येणार नाही असंच म्हणाले, पण परत आलीस की आधी इथे ये, असंही म्हणाले. ते १४,००० जाणार याचं दुःख आहेच. चौदा वर्षांत माझ्या नावाने आलेला तेवढाच पैसा होता आणि तो बंद होताना मला रडू आलं. हे मी यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी यांनी नॉमिनीचा कागद बघितला. सासऱ्यांचं नाव होतं, ते जाऊन सहा वर्षं झाली. आता बदलायला दिलंय. जॉइंट खात्याचा फॉर्मही भरलाय. माणदेशी ताई, तुमचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही.

सासूबाई आधी नाहीच म्हणाल्या. मग अपशिंगेकर दादांनी सांगितलेली आजीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. त्या हसल्या नाहीत. "मलाबी ठावं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. चार दिवसांनी निरोप आला, शाळू निघाला की येते, पण मृगाच्या आधी परत आणून सोडायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं वॉरंट (रेल्वे प्रवासाचा सरकारी पास) आहे, सातारा स्टेशनवरून. एकच विचारायचं राहिलं. सासूबाईंनी शाळूचं पन्नास किलोचं पोतं शिवून ठेवलंय, त्याशिवाय त्या निघणार नाहीत. झाशीला ज्वारी दळून मिळते का? की इथूनच पीठ करून न्यावं?

सदरबझारच्या_काकू
पीठ नेऊ नकोस पोरी, उन्हाळ्यात महिन्यात कडू होतं आणि भाकरी थापताना चिरते. ज्वारीच ने. तिथल्या गिरणीवाल्याला आधी सांग, गव्हावर दळू नको, दगड झाडून घे. पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायचं. आणि पाच-पाच किलोच दळ.

कडेगावचा_जवान
पन्नास किलो एका पोत्यात नेऊ नका वहिनी, पंचवीसची दोन करा. गाडी झाशीला फार वेळ थांबत नाही. साहेबांना डब्याचा नंबर आधी कळवा, पलटणीतले दोघं उतरवून घ्यायला येतील.